लिक्विड स्टेकिंगमधला एमईव्ही तुमच्या टोकनपर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत कुठे गळतो

प्रश्न असा आहे: लिक्विड स्टेकिंगचे टोकन (साखळी चालवण्यासाठी अडकवलेल्या नाण्यांचे विकता येणारे हक्कपत्र) घेतले की स्टेकिंगच्या व्याजासोबत एमईव्हीचाही, म्हणजे ब्लॉकमधल्या व्यवहारांच्या क्रमातून निघणाऱ्या नफ्याचाही, वाटा मिळतो असे सगळे प्रोटोकॉल सांगतात. हा पैसा येतो कुठून, वाटला कसा जातो, आणि तो खरोखर मिळतोय हे धारकाने कसे पडताळायचे?

वाटा मिळतो, पण त्याची वेगळी पावती मिळत नाही. टोकनच्या दरात किंवा शिल्लकीत तो इतर बक्षिसांसोबत मिसळून येतो. म्हणून संकेतस्थळावरचा वार्षिक परताव्याचा आकडा बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा. ब्लॉकचे पैसे कोणत्या पत्त्यावर पडतात? त्या पत्त्यातून पैसे काढायचा अधिकार कोणाचा? आणि ते पैसे टोकनच्या हिशेबात कधी धरले जातात? बाकीचा सगळा तपशील या तीन प्रश्नांतूनच उलगडतो.

आधी इथेरियम घेऊ. व्हॅलिडेटरची, म्हणजे ईथर अडकवून व्यवहार तपासणाऱ्या आणि ब्लॉक मांडणाऱ्याची, कमाई दोन वाटांनी येते. पहिली कन्सेन्सस थराची, म्हणजे एकमत घडवण्याच्या कामाची: इतरांच्या ब्लॉकला साक्ष देणे, ब्लॉक मांडणे, सिंक कमिटीत (हलक्या वॉलेटना साखळीचे ताजे टोक दाखवणाऱ्या गटात) बसणे. ही प्रोटोकॉल नवीन ईथर निर्माण करून देतो आणि ती बऱ्यापैकी सरळ रेषेत चालते. दुसरी एक्झिक्युशन थराची, म्हणजे व्यवहार चालवण्याची. ऑगस्ट २०२१ च्या लंडन अपग्रेडपासून व्यवहाराची मूळ फी जाळली जाते, त्यामुळे व्हॅलिडेटरच्या हाती फक्त वरची टिप आणि एमईव्ही उरतो. सप्टेंबर २०२२ च्या मर्जपूर्वी, म्हणजे इथेरियम मायनिंगवरून स्टेकिंगवर जाण्यापूर्वी, ही दुसरी कमाई मायनरची होती. मर्जनंतर ती स्टेकरकडे आली आणि लिक्विड स्टेकिंग प्रोटोकॉलना वाटपाची यंत्रणा बांधणे भाग पडले.

एमईव्ही म्हणजे ब्लॉकमध्ये व्यवहार कोणत्या क्रमाने लावायचे, कोणता घ्यायचा आणि कोणता वगळायचा या अधिकारातून निघणारा पैसा. दोन एक्स्चेंजमधला दरफरक साधणे, तारण अपुरे पडलेले कर्ज लिक्विडेट करणे, आणि सँडविच, म्हणजे दुसऱ्याच्या खरेदीच्या आधी आणि नंतर आपला व्यवहार घुसवून त्याला महाग दराने घ्यायला लावणे. पहिल्या दोन प्रकारांचा बाजाराला काही उपयोग तरी आहे. सँडविचचा पैसा सरळ दुसऱ्या वापरकर्त्याच्या खिशातून येतो. तुमच्या परताव्यात यातला कोणता पैसा किती आहे हे कोणताही प्रोटोकॉल वेगळे करून दाखवत नाही. हे माहीत असलेले बरे.

व्हॅलिडेटर ही कमाई सहसा स्वतः शोधत नाही. बहुतेक जण फ्लॅशबॉट्सचे एमईव्ही-बूस्ट हे सॉफ्टवेअर चालवतात. सर्चर फायदेशीर व्यवहारांचे गठ्ठे बिल्डरला देतात, बिल्डर पूर्ण ब्लॉक बांधून रिलेकडे, म्हणजे मधल्या मध्यस्थाकडे, बोली लावतो, आणि ज्याची पाळी आहे तो व्हॅलिडेटर रिलेंकडून सर्वांत मोठ्या बोलीचे फक्त शीर्षक घेऊन त्यावर सही करतो. ब्लॉकमधला मजकूर त्याला सहीनंतरच मिळतो. सर्चर आणि बिल्डर यांच्यातल्या स्पर्धेमुळे बराचसा नफा बोलीत वर सरकतो. उरतो तो त्या दोघांचा. म्हणजे ‘एमईव्हीचा १०० टक्के वाटा’ असे कोणी लिहिले तर तो बोलीचा वाटा असतो, मूळ नफ्याचा नव्हे.

आता पत्ता. प्रत्येक व्हॅलिडेटरच्या सेटिंगमध्ये फी रेसिपियंट नावाचा पत्ता असतो आणि एक्झिक्युशन थराची कमाई तिथे जाते. अडचण अशी की हा पत्ता ऑपरेटरच्या, म्हणजे व्हॅलिडेटर चालवणाऱ्याच्या, संगणकावर लिहिलेला असतो. कन्सेन्सस थराचे पैसे काढण्याचा पत्ता साखळीवर नोंदलेला असल्यामुळे ऑपरेटरला तो मनाला येईल तसा बदलता येत नाही. फी रेसिपियंट मात्र एका ओळीत बदलतो. लिक्विड स्टेकिंगमधल्या एमईव्ही वाटपाची सगळी रचना या एका कच्च्या दुव्याभोवती उभी आहे.

लिडो या इथेरियमवरच्या लिक्विड स्टेकिंग प्रोटोकॉलने यावर निवडलेला मार्ग असा. सर्व ऑपरेटरनी फी रेसिपियंट म्हणून एकाच करारखात्याचा (साखळीवर आपोआप चालणाऱ्या कराराच्या खात्याचा), म्हणजे एक्झिक्युशन लेयर रिवॉर्ड्स व्हॉल्टचा, पत्ता लावायचा. त्यातले ईथर फक्त लिडोचा मुख्य करार उचलू शकतो, तेही ओरॅकलच्या, म्हणजे बाहेरचे आकडे करारापर्यंत पोहोचवणाऱ्या मंडळाच्या, अहवालाच्या वेळी. हा अहवाल साधारण २२५ इपॉकनी (इपॉक म्हणजे सुमारे साडेसहा मिनिटांची एक फेरी), म्हणजे २४ तासांनी येतो. ९ सदस्यांपैकी ५ जणांनी एकच आकडा कळवला की तो ग्राह्य धरायचा, अशी मूळ रचना. व्हॉल्टमधले ईथर मग मुख्य कराराच्या राखीव शिलकीत जातात. तिथून कोणाची पैसे काढण्याची विनंती भागवली जाते किंवा नवीन व्हॅलिडेटर उभे केले जातात. म्हणजे एमईव्हीवर पुढे व्याज मिळते, आणि तुलनेने लवकर: कन्सेन्सस थराची जास्तीची शिल्लक आपोआप बाहेर यायला काही दिवस लागतात, ही रक्कम मात्र हातात आलेलीच असते.

हिशेब एका काल्पनिक तळ्यावर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र ठेवीवर (पूलवर), करून पाहू. एकूण १,००,००० ईथर जमा. एका दिवसात कन्सेन्सस थराचे ७.५ आणि व्हॉल्टमधले १.५, असे ९ ईथर आले. लिडोची फी बक्षिसांच्या १० टक्के आहे, म्हणजे ०.९ ईथर, मूळ वाटणीनुसार त्यातली निम्मी ऑपरेटरना आणि निम्मी डीएओच्या (टोकनधारकांच्या मतांवर चालणाऱ्या संस्थेच्या) खजिन्याला. ही फी ईथर काढून घेतली जात नाही. तेवढ्या किमतीचे नवे शेअर, म्हणजे तळ्यातल्या हिश्श्याचे एकक, छापले जातात. सूत्र असे: नवे शेअर = फी × जुने एकूण शेअर ÷ (नवी एकूण रक्कम − फी). भाजकात फी वजा करायची राहिली तर फी किंचित कमी पडते. स्वतःचे असे कंत्राट लिहिणाऱ्यांची ही नेहमीची चूक. धारकांना उरले ८.१ ईथर, म्हणजे दिवसाला ०.००८१ टक्के. ज्याच्याकडे १० एसटीईथ (लिडोचे टोकन) आहेत त्याच्या शिलकीत ०.०००८१ ची भर. त्यातला एमईव्ही आणि टिपांचा भाग एक षष्ठांश, ०.०००१३५. ‘एमईव्हीमुळे परतावा दुप्पट’ असे कोणी सांगू लागला तर हे प्रमाण आठवा.

एक बारकावा धारकांच्या बाजूचा आहे. एखाद्या अहवालात कन्सेन्सस थराची शिल्लक स्लॅशिंगमुळे, म्हणजे नियम मोडल्याच्या दंडामुळे, घटली, तर लिडोचा करार त्या अहवालापुरती फी आकारत नाही, व्हॉल्टमध्ये पैसे आले असले तरी. एमईव्ही तेव्हा आधी नुकसान भरून काढतो.

वाटपाची वेळ हा वेगळाच विषय. पैसे व्हॉल्टमध्ये दिवसभर साठतात आणि शिल्लक एका क्षणात वाढते. अहवालाच्या तोंडावर मोठी रक्कम आत घालायची, वाढ पदरात पाडायची आणि लगेच बाहेर पडायचे, ही युक्ती कोणालाही सुचेल. म्हणून लिडोने एका अहवालातल्या वाढीवर ०.०७५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढची रक्कम व्हॉल्टमध्येच थांबते आणि पुढच्या अहवालांत जाते. वरच्या १,००,००० ईथरच्या तळ्यात ही मर्यादा ७५ ईथर होते. नशिबाने २०० ईथरचा ब्लॉक लागला तर तो तीन दिवसांत पसरेल. ९० लाख ईथरच्या तळ्यात तीच मर्यादा ६,७५० ईथरवर जाते आणि सहसा तिची आठवणही येत नाही. मर्यादेची खरी गरज लहान प्रोटोकॉलना असते आणि नेमके त्यांच्यातच ती विसरली जाते. इतर काही प्रोटोकॉल हेच काम प्रवेश किंवा निर्गमन शुल्काने करतात.

रॉकेट पूल या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये ऑपरेटर कोणीही होऊ शकतो, त्यामुळे तिथे विश्वासाऐवजी अनामत चालते. एप्रिल २०२३ च्या ॲटलस अपग्रेडने ८ ईथरचा मिनिपूल, म्हणजे दोघांच्या भांडवलावरचा एक व्हॅलिडेटर, आणला: ८ ऑपरेटरचे, २४ आरईथ (रॉकेट पूलचे टोकन) धारकांचे, कमिशन १४ टक्के. ०.१ ईथरचा ब्लॉक लागला तर ऑपरेटरचा स्वतःच्या भांडवलावरचा चतुर्थांश ०.०२५, उरलेल्या ०.०७५ वर १४ टक्के म्हणजे ०.०१०५, एकूण ०.०३५५. आरईथ धारकांच्या तळ्यात ०.०६४५ जातात. कमिशनचे दर नंतर बदलत गेले, पण आधी भांडवलाप्रमाणे वाटणी आणि मग कमिशन हा क्रम महत्त्वाचा. उलट क्रमाने ०.१ वरच १४ टक्के काढले तर आकडा चुकतो.

ऑपरेटरला इथे दोन पर्याय असतात: स्वतःच्या नावाचा वाटप करार किंवा सगळ्यांचा मिळून स्मूदिंग पूल. स्मूदिंग पूल का हवा ते गणितात दिसते. इथेरियमवर दिवसाला ७,२०० स्लॉट, म्हणजे ब्लॉक मांडण्याच्या पाळ्या. ३२ ईथरचे सुमारे १० लाख व्हॅलिडेटर धरले तर एकाची पाळी सरासरी १३९ दिवसांनी येते, आणि वर्षभर एकही पाळी न येण्याची शक्यता सुमारे ७ टक्के. बहुतेक ब्लॉकमध्ये ईथरचे काही शतांशच असतात, पण बाजार कोसळतो त्या दिवशी एखाद्यात शंभरावर ईथर निघू शकतात. म्हणजे ही कमाई पगारापेक्षा सोडतीसारखी आहे. पूलमध्ये सगळ्यांची सोडत एकत्र होते आणि २८ दिवसांनी वाटली जाते.

पण ऐच्छिक पूलला एक भोक असते. पुढच्या इपॉकमध्ये ब्लॉक कोण मांडणार हे काही मिनिटे आधी कळते. स्वतःची पाळी दिसली, बाजारात उलथापालथ चालू आहे, की पूल सोडायचा, ब्लॉक खिशात घालायचा आणि परत यायचे! म्हणून रॉकेट पूलमध्ये एकदा निवड केली की पुढच्या बदलापूर्वी पूर्ण एक कालखंड थांबावे लागते, आणि बाहेर पडतानाही बदल साखळीवर पक्का होईपर्यंत फी रेसिपियंट पूलचाच ठेवावा लागतो. दुसऱ्या कोणत्याही प्रोटोकॉलचा स्मूदिंग पूल तपासताना पहिला प्रश्न हाच: बाहेर पडायला किती वेळ लागतो? ‘लगेच’ असे उत्तर असेल तर मोठे ब्लॉक त्या पूलमध्ये येणार नाहीत.

फ्रॅक्स या तिसऱ्या प्रोटोकॉलची रचना वेगळी आहे. तिथे एफआरएक्सईथ या साध्या टोकनला काहीच मिळत नाही. प्रोटोकॉलची फी वजा जाता सर्व बक्षिसे, एमईव्हीसकट, ते टोकन तिजोरीत ठेवून मिळणाऱ्या एसएफआरएक्सईथकडे जातात. परतावा चांगला दिसतो कारण कमाई सगळ्यांची आणि वाटेकरी थोडे. चुकीचे टोकन हातात ठेवून वर्षभर वाट पाहणारेही सापडतात.

हीच चूक लिडोत दुसऱ्या रूपात होते. एसटीईथ रीबेस होते, म्हणजे शिल्लकच रोज बदलते. शिल्लक स्वतःच्या वहीत लिहून ठेवणाऱ्या करारात, उदाहरणार्थ युनिस्वॅप या विनिमय मंचाच्या जुन्या धाटणीच्या तळ्यांत किंवा ठेवींची अशीच नोंद ठेवणाऱ्या घरगुती कंत्राटात, ते ठेवले की रोजची भर धारकाच्या नावावर चढत नाही. तिथेच पडून राहते किंवा दुसरा कोणी उचलतो. अशा ठिकाणी डब्ल्यूएसटीईथ, म्हणजे एसटीईथचे गुंडाळलेले रूप, वापरा: त्यात संख्या स्थिर राहते आणि दर वाढतो. आरईथ आणि एसएफआरएक्सईथ मुळातच या प्रकारचे आहेत.

सोलाना या दुसऱ्या साखळीवर यंत्रणा निराळी आहे. तिथे जिटो या प्रकल्पाने बदल करून बनवलेले व्हॅलिडेटर सॉफ्टवेअर चालते. सर्चर जास्तीत जास्त ५ व्यवहारांचे बंडल पाठवतात आणि ८ ठरलेल्या खात्यांपैकी एकात टिप टाकतात. ज्याची पाळी आहे त्या व्हॅलिडेटरच्या त्या इपॉकच्या टिप वाटप खात्यात ती रक्कम वळते. इपॉक म्हणजे ४,३२,००० स्लॉट, साधारण दोन दिवस. तो संपला की स्टेकचा फोटो काढल्यासारखी नोंद घेतली जाते, कोणाला किती याचे मर्कल झाड (पडताळता येणारी यादी) बनते आणि वाटप होते. व्हॅलिडेटरने जाहीर केलेले एमईव्ही कमिशन आधी कापले जाते. हे साध्या स्टेकिंग कमिशनपासून वेगळे असते आणि लोक बऱ्याचदा फक्त एकच बघतात. समजा, वाटपाला २० सोल (सोलानाचे नाणे) आले आणि कमिशन ८ टक्के: १.६ व्हॅलिडेटरचे, १८.४ वाटपाला. त्याच्याकडे एकूण ४,००,००० सोल स्टेक आणि त्यातले १,००,००० एका पूलचे, तर पूलला ४.६. पूलची फी ४ टक्के धरली तर टोकनधारकांना ४.४१६ सोल.

थेट स्टेक करणाऱ्याच्या खात्यात ही टिप निष्क्रिय शिल्लक म्हणून पडते. ती आपोआप पुन्हा स्टेक होत नाही. जिटोसॉलसारखा (जिटोचा लिक्विड स्टेकिंग) पूल ती उचलून पुन्हा कामाला लावतो. पूल घेण्याचे हे एक खरे, मोजता येणारे कारण आहे.

सोलानावरची मोठी गळती प्रायॉरिटी फीत, म्हणजे व्यवहार लवकर घेण्यासाठी दिलेल्या जादा फीत, आहे. पूर्वी तिचा अर्धा भाग जळत असे; फेब्रुवारी २०२५ पासून पूर्ण रक्कम व्हॅलिडेटरला मिळते. ती टिपांसारखी आपोआप स्टेकरमध्ये वाटली जात नाही. व्हॅलिडेटरने मनावर घेतले किंवा पूलने अट घातली तरच वाटा मिळतो. मरिनेड या सोलानावरच्या पूलने यासाठी लिलावाचा मार्ग घेतला: स्टेक हवा असलेल्या व्हॅलिडेटरनी बोली लावायची, आणि ती बोली शेवटी याच कमाईतून येते. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण लपवता येणाऱ्या कमाईचा माग काढण्यापेक्षा तिची किंमत आधीच वसूल होते.

इथेरियमवर परत येऊन, पैसे कुठे चुकतात ते पाहू. सर्वांत साधा प्रकार म्हणजे फी रेसिपियंट चुकीचा. बऱ्याचदा चोरी नसते. क्लायंट, म्हणजे व्हॅलिडेटरचे सॉफ्टवेअर, बदलताना सेटिंग राहून जाते. लिडोच्या कम्युनिटी मॉड्यूलमध्ये (कोणालाही अनामत ठेवून ऑपरेटर होता येते त्या विभागात) किंवा रॉकेट पूलमध्ये हे पकडले जाते, कारण ब्लॉक सर्वांसमोर असतो. पहिल्यात वळवलेली रक्कम आणि वर दंड अनामतीतून वसूल होतो. दुसऱ्यात नोंद होते आणि तिसऱ्यांदा पकडल्यावर अनामतीला कात्री लागते. अनामत पुरेशी आहे का, हे एका ब्लॉकमधल्या मोहाशी तोलून बघावे. एप्रिल २०२३ मध्ये एका व्हॅलिडेटरने रिलेतल्या त्रुटीचा फायदा घेऊन सँडविच बॉटचे २ कोटी डॉलरहून अधिक पळवले. व्हॅलिडेटर स्लॅश झाला, पण त्या कमाईपुढे ३२ ईथरचे काय!

पकडता न येणारे प्रकारही आहेत. ऑपरेटरने साखळीबाहेर सौदा केला, बिल्डरने ब्लॉकमध्ये कमी बोली दाखवून उरलेले परस्पर दिले, तर ब्लॉक पाहून काही सिद्ध होत नाही. अशा वेळी फक्त आकडेवारी बोलते: त्या ऑपरेटरच्या ब्लॉकची सरासरी बोली त्याच काळातल्या इतरांपेक्षा सातत्याने कमी आहे का? दहा ब्लॉकवरून निष्कर्ष काढू नका. सोडतीच्या स्वभावामुळे शेकडो ब्लॉक लागतात. सरासरीऐवजी मध्यक घ्या, नाहीतर एका भाग्यवान ब्लॉकने चित्र बिघडते.

तिसरा प्रकार वेळेशी खेळण्याचा. स्लॉट १२ सेकंदांचा असतो आणि साक्षीदार चौथ्या सेकंदाला कौल देतात. बोली जितकी उशिरा घ्यावी तितकी मोठी, म्हणून काही ऑपरेटर मुद्दाम थांबतात. परतावा थोडा वाढतो; ब्लॉक उशिरा पोहोचला तर स्लॉट वाया आणि दोन्ही थरांची कमाई शून्य. शीर्षकावर सही केल्यावर रिलेने मजकूर दिलाच नाही तरी हेच होते, कारण त्या स्लॉटसाठी दुसऱ्या शीर्षकावर सही करणे म्हणजे स्लॅशिंगला आमंत्रण. म्हणून चांगले ऑपरेटर अनेक रिले जोडतात, किमान बोलीची मर्यादा लावतात आणि तिच्याखाली बोली आली तर ब्लॉक स्वतः बांधतात. तुमच्या प्रोटोकॉलने कोणते रिले चालतील याची यादी जाहीर केलेली असली पाहिजे.

पडताळणी स्वतः करायची तर कोणताही ब्लॉक एक्सप्लोरर (साखळीवरच्या नोंदी दाखवणारे संकेतस्थळ) पुरतो. प्रोटोकॉलच्या दस्तऐवजातून बक्षिसांच्या व्हॉल्टचा पत्ता घ्या. मग त्याच्या व्हॅलिडेटरनी मांडलेले पाचपंचवीस ब्लॉक उघडा. ब्लॉकच्या माथ्यावरचा फी रेसिपियंट दुसराच दिसला की लोक घाबरतात. एमईव्ही-बूस्टच्या ब्लॉकमध्ये तिथे बहुधा बिल्डरचा पत्ता असतो. खरी रक्कम ब्लॉकच्या शेवटच्या व्यवहारात बिल्डरकडून व्हॉल्टकडे गेलेली असते. तो व्यवहार आणि पत्ता जुळवा, आणि रिलेच्या सार्वजनिक नोंदीत त्या स्लॉटला दिलेल्या बोलीशी रक्कम ताडून बघा. ब्लॉक व्हॅलिडेटरने स्वतः बांधलेला असेल तर मात्र माथ्यावरचा पत्ताच व्हॉल्टचा हवा. अशा वेळी शिल्लक कोणत्याही व्यवहाराविना वाढते आणि करार कोणताही इव्हेंट (साखळीवरची नोंद) सोडत नाही. इव्हेंटची बेरीज करून ‘पैसे गायब’ असा निष्कर्ष काढणारे इथेच फसतात. ब्लॉकआधीची आणि नंतरची शिल्लक वजा करूनच बघावी लागते.

दुसरे टोक अहवालाचे. लिडोचा करार प्रत्येक अहवालात व्हॉल्टमधून किती ईथर उचलले हे नोंदवतो. सलग तीस दिवसांची ही बेरीज काढा, व्हॉल्टच्या शिलकीतला फरक मिळवा, आणि व्हॅलिडेटरच्या ब्लॉकमधून आलेल्या रकमेशी लावून पाहा. जुळायला हवे. ज्या प्रोटोकॉलमध्ये व्हॉल्टचा पत्ताच जाहीर नाही किंवा तो साध्या मल्टिसिगचा (काही जणांच्या सह्यांवर चालणाऱ्या खात्याचा) आहे आणि तिथून रक्कम ‘वेळोवेळी’ टाकली जाते, तिथे ही बेरीज करता येत नाही. अशा टोकनचा एमईव्ही वाटा मी हिशेबात शून्य धरतो आणि मग उरलेला परतावा फी वजा जाता परवडतो का ते पाहतो.